‘अछूत कन्ये’चा शेवट

मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या आगगाडीनें अंधेरी, जोगेश्वरी आणि गोरेगांव हीं स्टेशनें मागें टाकलीं, कीं मालाड येतें. येथें १९३४ सालीं हिमांशु रॉय आणि देविकाराणी यांनीं ‘बॉम्बे टॉकीज’ ही संस्था उभी केली, आणि १९३६ सालीं तिच्या स्टुडिओंतून ‘अछूत कन्या’ हा बोलपट बाहेर पडला. ब्राह्मणाचा मुलगा आणि अस्पृश्याची मुलगी यांच्या प्रीतीची ही कथा. तिचा शेवट रेल्वेच्या फाटकापाशीं, इंजिनाखालीं होतो. नायिका कस्तुरी रुळांवरून गाडीला सामोरी धांवत जाते, दोन पुरुषांचे प्राण वांचविते आणि स्वतः मरते. हा शेवट आत्मबलिदानाचा म्हणून ओळखला जातो, आणि त्यांत खोटें कांहीं नाहीं. तथापि कस्तुरीला मारलें कोणीं, असा साधा प्रश्न विचारला, तर चित्रपट त्याचें उत्तर देतांना जरा अडखळतो. आणि हें अडखळणेंच त्या शेवटांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

कथा निरंजन पाल यांची. बंगालचे पुढारी बिपिनचंद्र पाल यांचे हे चिरंजीव. त्यांनीं आपल्या कथेला ‘लेव्हल क्रॉसिंग’, म्हणजे रेल्वेचें फाटक, असेंच नांव दिलें होतें. बोलपटाचें नांव पुढें बदललें, पण फाटक कथेंतून हललें नाहीं. चित्रपटाचा आरंभ त्याच जागीं होतो. रात्रीची वेळ आहे, एक मोटार फाटकाशीं येऊन थांबते, आणि तेथें मेलेल्या एका स्त्रीच्या स्मारकावरून मागील सारी हकीगत उलगडूं लागते. म्हणजे कस्तुरीचें तोंड दिसण्यापूर्वींच तिचा मृत्यु प्रेक्षकाच्या कानीं पडलेला असतो. पुढील दोन तास तो एका मृत मुलीचें बालपण, खेळणें आणि गाणें पाहात असतो.

हकीगत अशी. दुखिया हा अस्पृश्य जातीचा फाटकवाला. गांवांतील वाणसामानाचा दुकानदार मोहन हा ब्राह्मण. मोहनला साप चावतो, आणि दुखिया जखमेला तोंड लावून विष चोखून काढतो. या प्रसंगांतून दोघांची मैत्री जडते. मोहनचा मुलगा प्रताप आणि दुखियाची मुलगी कस्तुरी एकत्र वाढतात. मुलें लहान असतात तोंवर गांवाला तें चालतें. तीं मोठीं होतात, तशा गांवाच्या नजरा बदलतात. मोहन आजारी दुखियाला आपल्या घरांत आणून ठेवतो, तेव्हां बाबूलाल वैद्याला आयतेंच निमित्त सांपडतें. तो गांव चेतवितो, जमाव चालून येतो, मोहनचें घर पेटतें आणि मोहन जखमी होतो. आतां दुखिया जें करतो त्याकडे विशेष लक्ष दिलें पाहिजे. अंगांत ताप असतांना तो फाटकाकडे धांवत जातो, निशाण दाखवून धांवती गाडी थांबवितो, आणि मित्रासाठीं डॉक्टर पाठवा म्हणून विनवितो. रेल्वेच्या नियमांत असल्या कारणासाठीं गाडी थांबविण्याची तरतूद नाहीं. दुखियाची नोकरी जाते.

त्याच्या जागीं मन्नू येतो. तो जातीचा, कस्तुरीचें लग्न त्याच्याशीं लागतें. प्रतापचेंही लग्न त्याच्या जातींतील मीरेशीं होतें. प्रीतीची कथा येथें वस्तुतः संपलेली आहे. दोघांनीं जातीची आज्ञा मानली आहे, कोणी पळून गेलेलें नाहीं, कोणी बंड केलेलें नाहीं. पुढें मन्नूची पहिली बायको कजरी परत येते. ती आणि मीरा संगनमत करून कस्तुरीला शेजारच्या गांवच्या जत्रेंत नेतात आणि तेथें एकटीच सोडून येतात. जत्रेंत प्रतापचें दुकान असतें. तो तिला आपल्या गाडींतून घरीं आणावयास निघतो. इकडे मन्नूच्या कानांत विष ओतलें जातें, कीं तुझी बायको प्रतापबरोबर पळाली. फाटकापाशीं गांठ पडते, मन्नू प्रतापवर तुटून पडतो, रुळांवरच झुंज जुंपते. गाडी येत असते. दोघेही भान विसरलेले. कस्तुरी गाडी थांबविण्यासाठीं धांवते.

बापानें गाडी थांबविली ती ब्राह्मण मित्राला वांचविण्यासाठीं, आणि त्याची किंमत म्हणून त्याची भाकरी गेली. मुलगी गाडी थांबवूं पाहते ती ब्राह्मण प्रियकर आणि स्वतःचा नवरा अशा दोघांना वांचविण्यासाठीं, आणि तिचा जीव जातो. दोन्ही वेळां संकट ब्राह्मणाच्या घरावर किंवा जिवावर आहे; दोन्ही वेळां रुळांवर उभें राहावें लागतें तें अस्पृश्याला. आरंभींचें सर्पदंशाचें दृश्य धरलें, तर अशीं तीन दानें होतात. दुखियानें विष तोंडांत घेतलें, मग पोटाची नोकरी दिली, आणि अखेर कस्तुरीनें प्राण दिले. मोहन उदार आहे, त्यानेंही घर जळूं दिलें. हें नाकारतां येत नाहीं. पण कथेचा हिशेब मांडला, तर अस्पृश्याच्या बाजूची रक्कम दर खेपेस वाढत जाते. हा हिशेब चित्रपटकर्त्यांनीं जाणूनबुजून मांडला कीं कथेच्या ओघांत तो आपोआप पडला, हें ठरविण्याचें कारण नाहीं. पडद्यावर तो स्पष्ट आहे, आणि या शेवटाची खरी ताकद त्यांतच आहे.

फाटक ही जागाही फार मार्मिक निवडली आहे. महाराष्ट्रांतील खेड्यांत महारवाडा वेशीबाहेर असे आणि महाराचें काम बलुत्याचें, गांवाच्या मर्जीवर चालणारें. गिरणी, गोदी आणि रेल्वे यांनीं अस्पृश्यांना गांवाच्या मर्जीबाहेरचा रोख पगार दिला. फाटकवाल्याची चौकी गांवाबाहेर असते खरी, परंतु तिचा धनी गांव नसतो. दुखियानें दोर फिरवून फाटक बंद केलें, कीं पाटील, सावकार, भटजी या साऱ्यांच्या गाड्यांना थांबावें लागतें. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत सोंवळें पाळतां येत नाहीं, अशी तक्रार रेल्वे सुरू झाल्यापासून ऐकूं येत होती. अशा या यंत्राकडे जात मोडणारी शक्ति म्हणून पाहण्याची त्या पिढीला संवय होती. ‘अछूत कन्ये’त तेंच यंत्र दुखियाला पगार देतें, तेंच त्याला बडतर्फ करतें, आणि तेंच त्याच्या मुलीच्या अंगावरून जातें. यंत्राला जात नाहीं, तशी मायाही नाहीं. मालाडच्या स्टेशनावरून १९२८ पासून विजेच्या गाड्या धांवत होत्या. पडद्यावरच्या अनाम खेड्यांत मात्र आगीचें इंजिनच हवें होतें.

आतां अडखळण्याची गोष्ट. चित्रपटाच्या पूर्वार्धांत अपराधी कोण, याविषयीं मुळींच संदेह नाहीं. घर जाळणारा जमाव समोर दिसतो. बाबूलाल त्याचा म्होरक्या असला, तरी हात साऱ्या गांवाचे आहेत. मग शेवटच्या दृश्यांत हा जमाव असतो कोठें? फाटकावर तो नाहीं. तेथें आहे तो एक संशयी नवरा, तोही कस्तुरीच्याच जातीचा, आणि त्याला चेतविणाऱ्या दोन मत्सरी बायका. ज्या पापाचा आरंभ जातीनें केला, त्याची अखेर सवतीमत्सरानें आणि वाफेच्या इंजिनानें होते. सवर्ण प्रेक्षक थिएटरांतून बाहेर पडतांना रडत असतो, पण आपल्याकडे कोणी बोट दाखविलें असें त्याला वाटत नाहीं. मन्नूनें जर इतका अविश्वास दाखविला नसता, मीरा जर इतकी दुष्ट नसती, गाडी जर दोन मिनिटें उशिरा आली असती, असे ‘जर’ त्याला चटकन सुचतात. प्रताप आणि कस्तुरी यांचें लग्नच कां झालें नाहीं, हा ‘जर’ मात्र गाडीच्या आवाजांत बुडून जातो.

एक चमत्कारिक गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. चित्रपटाच्या उत्तरार्धांत ब्राह्मणाची सून आणि अस्पृश्याची बायको यांचें एकजुटीनें पार पडलेलें एकमेव काम म्हणजे हें कारस्थान! मैत्रीला जी जातीची आडकाठी आली, ती मत्सराला आली नाहीं. लेखकानें हें उपरोधानें योजिलें असेल असें वाटत नाहीं. पण अनवधानानें साधलेला उपरोधही उपरोधच असतो.

लग्न शक्यच नव्हतें, असें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. १८७२ चा विशेष विवाहाचा कायदा हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नानें १९२३ सालीं दुरुस्त झाला होता. त्यापूर्वीं या कायद्याखालीं लग्न करणाऱ्या हिंदूला, आपण हिंदु धर्म मानीत नाहीं, असें लिहून द्यावें लागे. दुरुस्तीनंतर धर्म न सोडतां दोन भिन्न जातींच्या हिंदूंना रजिस्ट्रारपुढें विवाह करतां येऊं लागला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं आपल्या संस्थानापुरता असा कायदा १९१९ सालींच केला होता. तेव्हां १९३६ सालच्या प्रताप-कस्तुरीपुढें वाट होती. ती बिकट होती, हें खरें. त्या कायद्यानें विवाह केला, कीं मुलाचा एकत्र कुटुंबाशीं संबंध तुटे, त्याला दत्तक घेण्याचा हक्क उरत नसे, आणि तो एकुलता एक असेल तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मोकळीक मिळे. शिवाय एकवीस वर्षांखालील वधूवरांना वडिलांची किंवा पालकांची संमति लागे. मोहनसारख्या बापाला हा प्रश्न एकदां जरी विचारला गेला असता, तरी केवढें नाट्य उभें राहिलें असतें! सर्पदंश झालेल्या माणसाचे प्राण वांचविणाऱ्या मित्राची मुलगी सून म्हणून घरांत येऊं द्यावयाची कीं नाहीं, हा त्या कथेंतील खरा पेंच आहे. चित्रपट त्याच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि जातींतल्या जातींत दोन लग्नें लावून परत फिरतो.

त्याच १९३६ सालीं, याच मुंबईंत, हा पेंच कोणी स्पष्ट बोललें नव्हतें असेंही नाहीं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठीं डॉ. आंबेडकरांनीं अध्यक्षीय भाषण लिहिलें. मंडळाला तें पेलवलें नाहीं, परिषद रद्द झाली, आणि डॉक्टरांनीं तें पुस्तकरूपानें स्वतः छापलें. जात मोडण्याचा खरा उपाय सहभोजन नसून मिश्रविवाह आहे, आणि मिश्रविवाहाला आड येणारी श्रद्धा शास्त्रांवर उभी आहे, हें त्यांतील प्रमुख प्रतिपादन. आदल्या वर्षीं येवल्याला त्यांनीं, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, अशी घोषणा केली होती. एकीकडे हा विचार आणि दुसरीकडे मालाडचा बोलपट, अशा दोन गोष्टी एकाच वर्षाच्या. बोलपटाचें मन गांधीजींच्या हरिजन-चळवळीच्या बाजूचें आहे. सवर्णांच्या हृदयाला पाझर फुटावा, ही त्याची इच्छा; आणि पाझर फुटण्यासाठीं कोणी तरी मरावें लागतें.

हें लिहितांना संस्थेवर अन्याय होऊं नये. त्या काळीं याहून कमी धिटाईच्या गोष्टींनाही अडथळे येत. प्रभात कंपनीनें १९३५ सालीं एकनाथांच्या चरित्रावर ‘महात्मा’ हा बोलपट काढला. शांताराम दिग्दर्शक आणि बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेंत. सेन्सॉरनें आक्षेप घेतला आणि त्याला ‘धर्मात्मा’ म्हणून पडद्यावर यावें लागलें. तेथें तर प्रेमाचा प्रश्नही नव्हता. अस्पृश्याच्या घरीं जेवणारा संत तेवढा होता, तोही साडेतीनशें वर्षांपूर्वींचा. बॉम्बे टॉकीजच्या संचालक मंडळावर सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना यांच्यासारखे प्रतिष्ठित गृहस्थ होते. ज्या धंद्याकडे कुलीन घरें नाक मुरडीत, त्या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून देणें हा हिमांशु रॉय यांचा मुख्य उद्योग होता. अशा संस्थेनें अस्पृश्य मुलीला नायिका केलें, चित्रपटाच्या नांवांतच ‘अछूत’ हा शब्द घातला, आणि तो देशभर चालवून दाखविला, हें लहान काम नव्हे. पंडित जवाहरलाल नेहरू आणि सरोजिनीबाई नायडू यांनीं तो पाहिला.

समाजाचा डंख म्हणजे काय, हें संस्थेला घरांतच अनुभवास आलें होतें. ‘अछूत कन्ये’चें संगीत सरस्वतीदेवींचें. हें त्यांचें ठेवलेलें नांव. मूळच्या त्या खुर्शीद मिनोचर-होमजी. त्या आणि त्यांची बहीण माणेक सिनेमांत येतांच पारशी समाजांतील कांहीं मंडळींनीं मोठा निषेध केला, आणि दोघी बहिणींना सरस्वतीदेवी आणि चंद्रप्रभा अशीं हिंदु नांवें घ्यावीं लागलीं. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योझेफ विर्शिंग हे जर्मन. नायक अशोककुमार हा संस्थेच्या रसायनशाळेंतून उचललेला बंगाली ब्राह्मण तरुण. कॅमेऱ्यापुढें त्याचें अवघडणें या भूमिकेंत लपत नाहीं, आणि प्रतापच्या भिडस्त स्वभावाला तें शोभूनही दिसतें. देविकाराणी ठाकुर घराण्याच्या नात्यांतल्या, विलायतेंत शिकलेल्या. त्यांची कस्तुरी फाटकवाल्याची मुलगी म्हणून फारच नीटनेटकी आहे. रेखलेल्या भुंवया आणि चापूनचोपून नेसलेलें वस्त्र पाहून खेड्यांतील माणूस हसेल. पण झाडाच्या फांदीवर बसून दोघांनीं म्हटलेलें गाणें लोकांच्या तोंडीं बसलें तें बसलेंच. तें स्वतः त्यांच्याच आवाजांतलें आहे, आणि दोघेही गाण्यांत कच्चे असल्यामुळें खऱ्याच दोन मुलांनीं गावें तसें तें कानाला लागतें. शेवटचें दृश्य पाहतांना तेंच आठवतें.

मरावें कोणीं, हाही प्रश्न लक्षांत घेण्यासारखा आहे. आदल्याच वर्षीं न्यू थिएटर्सचा ‘देवदास’ आला होता. तेथें प्रियकर मरतो, प्रेयसीच्या सासरच्या दारापाशीं. घराण्याच्या तोलामोलानें मोडलेल्या प्रीतीचें प्रायश्चित्त तो स्वतःला देतो. ‘अछूत कन्ये’त अपराधी कुळांतला प्रताप जिवंत राहतो आणि जिच्या कुळाकडून कांहींच अपराध झालेला नाहीं ती मरते. प्रताप मेला असता, तर ब्राह्मणाच्या मुलाचें रक्त अस्पृश्याच्या हातून सांडलें, असा अर्थ निघाला असता. मन्नू मेला असता, तर विधवा कस्तुरीचें पुढें काय, हें सांगावें लागलें असतें. कस्तुरी मेली, म्हणजे कोणालाच कांहीं सांगावें लागत नाहीं. तिच्या मरणानें कथेची सोय होते. एवढ्या सुंदर मृत्यूला सोय म्हणणें कठोर वाटेल. पण ज्या स्त्रीला देवळांत प्रवेश नव्हता तिचें स्मारक उभारणें, हें तिच्यासाठीं घराचें दार उघडण्यापेक्षां नेहमींच सोपें असतें.

वास्तव जीवनांत मात्र फाटक उघडलें. विलेपार्ल्याच्या एका स्नेह्याकडे डॉ. आंबेडकरांची डॉ. शारदा कबीर यांच्याशीं ओळख झाली. त्या सारस्वत ब्राह्मण, मुंबईंत शिकलेल्या डॉक्टर. १५ एप्रिल १९४८ रोजीं दिल्लींत दोघांचा विवाह नोंदणी पद्धतीनें झाला आणि त्या सविता आंबेडकर झाल्या. पुढच्याच वर्षीं, १९४९ सालीं, हिंदूंमधील आंतरजातीय विवाह कोठल्याही रूढीमुळें अवैध ठरणार नाहींत, असा कायदा मध्यवर्ती विधिमंडळानें केला. पार्लें ते मालाड अंतर तें किती!

पडद्यावर हें लग्न लागावयास १९५९ साल उजाडावें लागलें. बिमल रॉय यांची संस्था अंधेरीच्या मोहन स्टुडिओंत काम करीत असे. त्यांच्या ‘सुजाता’मध्यें अस्पृश्य जातीची अनाथ मुलगी सवर्णांच्या घरांत वाढते, आणि तिच्यावर ब्राह्मण तरुणाचें प्रेम बसतें. पालन करणारी आई जिन्यावरून पडते, तिला रक्त हवें असतें, आणि घरांत कोणाचें जुळत नाहीं तें सुजाताचें जुळतें. मग आईचें मन वितळतें, लग्न ठरतें. तेवीस वर्षांत केवढी मजल मारली! नायिका जगते, नवरीही होते. तरी बारकाईनें पाहिलें, तर देवाणघेवाणीचा जुना हिशेब मोडलेला नाहीं. प्राणाऐवजीं बाटलीभर रक्तावर तो भागला, इतकेंच.

या दोन शेवटांशेजारीं नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या ‘सैराट’चा शेवट ठेवून पाहावा. येथें मुलगी वरच्या घराण्याची, पाटलाची, आणि मुलगा मासेमाराचा. तीं पळून जातात, लग्न करतात, परक्या शहरांत संसार थाटतात, मूल होतें. येथें गाडी नाहीं, गैरसमज नाहीं, मत्सरी सवत नाहीं. योगायोगाला कोठेंच जागा ठेवलेली नाहीं. १९३६ सालीं फाटकावरून शेवटच्या क्षणीं दिसेनासे झालेले लोक येथें हातांत माहेरच्या भेटी घेऊन दारांत येतात. मुलीचा भाऊच त्यांच्यांत असतो. ती त्यांना आंत बोलाविते आणि चहा करते. त्यानंतर आवाज बंद होतो, शेजारणीबरोबर बाहेर गेलेलें मूल परत येतें, आईबापांकडे पाहतें, आणि रक्ताचीं पावलें उमटवीत रस्त्यावर चालूं लागतें.